पंधरावा आठवडा

चुडामणचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं. आणि त्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा वेगळाच ताप. मी सुलक्षणा. धुळ्यातल्या एका विधी महाविद्यालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. चुडामण महाजन त्याच महाविद्यालयात एलएल.एम.ला शिकवतो, अठरा वर्षं, तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांना माहीत नाही ते सुखी. जेवढे तास घेतले तेवढ्याचाच पैसा, असं ते तत्त्व. सुट्टी आली, संप झाला, निवडणुकीच्या प्रशिक्षणाला वर्गखोली गेली, की हातात शून्य. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि जी चार माणसं त्याला रोज व्हरांड्यात भेटतात तीच टेबलामागे बसून विचारणार, 'तुमचा अनुभव किती?'

तो येतो एरंडोलहून, रोज, एसटीनं. पारोळ्यापर्यंत उभा, पारोळ्याला कुणी उतरलं तर बसलेला. वय सत्तेचाळीस. सेट झालेली, पीएच.डी. झालेली, केस गेलेले. बायको उषा अंगणवाडी सेविका आहे, आणि घर खरं तर तीच चालवते. मला तो अक्का म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणते. पण रागात असले की नुसतं चुडामण, आणि मी बहुतेक रागातच असते.

शिकवण्याचं सोडा, या माणसानं अठरा वर्षांत खरं काम केलं असेल तर ते नियोजनाचं. एलएल.एम.चं शैक्षणिक वर्ष आखायचं काम. ते त्याला कुणी दिलं, कधी दिलं, कुणालाच आठवत नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं असेल, 'जरा एवढं टाका की लिहून,' आणि हा टाकत बसला. त्याचे वेगळे पैसे नाहीत, आदेशात नाव नाही, वार्षिक अहवालात उल्लेख नाही. कायम नोकरीवाले प्राध्यापक जून उजाडला की म्हणतात, 'चुडामण करेल.' असला माणूस संस्थेला सापडला की संस्था त्याला सोडत नाही आणि धरतही नाही.

आणि ते काम सोपं आहे असं कुणी समजू नये. कागदावर वर्ष जुलैत सुरू होतं. प्रत्यक्षात प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत घरातला दिवाळीचा फराळ शिळा झालेला असतो. मग राहिलेल्या दिवसांत संविधानाचा पेपर, संशोधन पद्धतीचा पेपर, विद्यार्थ्यांनी स्वतः उभं राहून शिकवायचे सराव-पाठ, लघुप्रबंधाचा विषय ठरवणं, मार्गदर्शक वाटणं, आराखडा, चाचण्या, तोंडी परीक्षा, सगळं कोंबायचं. एक फेरी लांबली की सगळे रकाने सरकतात. एका वर्षात त्यानं सात वेळा नियोजन बदललेलं मी पाहिलंय. शेवटी शेवटी तर कागद खोडरबरानं इतका झिजला होता की मागचं टेबल दिसत होतं.

त्याची रीतच उलटी. बाकीचे लोक वर्ष आखताना काय शिकवायचं ते आधी लिहितात. हा आधी जाणारे दिवस काढतो. पतपेढीचं मोठं कॅलेंडर माझ्या टेबलावर पसरायचं आणि लाल पेन्सिलीनं एकेक दिवस मारत सुटायचं. कानबाईचा सोमवार आधी. रविवारी कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, घराघरात रोट होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन; त्या दिवशी खान्देशात वर्ग भरवून दाखवेल असा माणूस अजून जन्मायचाय. मग वकिलांच्या संघाची निवडणूक. मग लग्नाच्या दाट तिथी, कारण आमचे विसातले सोळा विद्यार्थी वकील, आणि वकिलाला पक्षकाराच्या पोराच्या लग्नाला जावंच लागतं. एकवीरादेवीची यात्रा. चौदा एप्रिलचा आदला दिवस मीच सांगून मारायला लावलेला. आमच्या वस्तीतली पोरं त्या दिवशी कुठल्या वर्गात बसणार आहेत? असं सगळं काढून जे उरलं ते वर्ष. 'अक्का, उरलेलं खरं,' एवढंच तो म्हणायचा, आणि सुस्कारा टाकून निळी पेन्सिल घ्यायचा.

एवढं करून ते नियोजन छापून फलकावर लागायचं, आणि त्याच्याकडे कुत्रंही बघत नसे. वकील मंडळी वर्गात यायची ती फी भरायला, हॉल तिकीट घ्यायला, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला. प्राध्यापक आपापल्या सोयीनं तास घ्यायचे. चुडामणलाही ते माहीत. तरी दर वर्षी पट्टीनं रेघा मारायचा. मी चिडून म्हणायचे, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतशील बाबा. तो म्हणायचा, घडा आपला नही ना अक्का, पाणी तेवढं आपलं.

त्या नियोजनात एक आठवडा मात्र पक्का होता. होळीचा. सरकारी यादीत होळीची सुट्टी एक दिवस, धुळवडीची. हा मात्र अख्खा आठवडा मोकळा सोडायचा आणि त्यावर 'वाचन सप्ताह' असं लिहायचा. वाचन कसलं नि काय. तो आठवडा सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या मुलांसाठी होता. त्यांच्याकडे आधी होळीच्या खरेदीचे भोंगऱ्या बाजार भरतात, मग होळी, मग या गावची त्या गावची होळी. सुरतकडे, गुजरातकडे कामाला गेलेली माणसंसुद्धा त्या आठवड्यात घरी येतात. दिवाळी चुकली तर चालते, होळी नाही.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्याच वर्षी बादल नावाचा एक पावरा आदिवासी मुलगा एलएल.एम.ला होता. होळीला गेला, आठ दिवसांनी आला, हजेरी थोडक्यात कमी पडली. चुडामण नवा होता, नियमाचा पक्का होता. हजेरी कमी असलेल्यांची यादी त्यानंच सही करून दिली, बादलचा परीक्षेचा अर्ज अडला, आणि मुलगा गेला तो गेलाच. दोन वर्षांनी चुडामण सासुरवाडीहून परतताना दोंडाईचा स्टेशनवर उभा होता. सुरतेला कामावर निघालेल्या माणसांच्या घोळक्यातून बादल पुढे आला, सर म्हणून वाकला, आणि चुडामणची गाडी आली तशी गर्दीत शिरून त्याची पिशवी डब्यात ठेवून जागा धरून दिली. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं चुडामण मला म्हणाला होता. त्या जूनपासून हा वाचन सप्ताह.

यंदा जानेवारीत प्राचार्यांनी त्याला बोलावलं. एलएल.एम.चा कार्यभार तपासायला वरून समिती येणार होती. कार्यभार पुरेसा दिसला तर पूर्णवेळ एक पद मंजूर होणार, आणि त्या पदाला आमच्याकडे चुडामणशिवाय दुसरा माणूसच नव्हता. अठरा वर्षांनी पहिल्यांदा. पगार, रजा, आजारी पडायची सोय, आणि जूनची ती मुलाखत बंद. अटी दोन: सत्रात शिकवण्याचे पंधरा आठवडे नियोजनात दिसले पाहिजेत, आणि प्रत्यक्ष वर्ग चालू दिसला पाहिजे. चुडामणच्या नियोजनात आठवडे भरत होते चौदा. पंधरावा वाचन सप्ताहात गेलेला. प्राचार्य म्हणाले, तेवढा एक आठवडा काढा, कागदावर तर काढायचाय. त्यांचंही चुकीचं नव्हतं; त्यांच्या मनात या माणसाचं भलंच होतं.

तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. आठवडे पुन्हा एकदा मोजले. मग व्हाइटनर मागितलं. मी दिलं, खोटं का बोलू, टोपण उघडून दिलं. 'वाचन सप्ताह' या अक्षरांवर त्यानं पांढरं ओढलं, फुंकर मारली, वाळायची वाट बघत बसला.

"हाई पाप शे का अक्का?" तो म्हणाला.

"पाप नही, नोकरी शे," मी म्हणाले. "लिही."

त्यानं लिहिलं: नियमित अध्यापन. अक्षर नेहमीसारखंच सुबक. त्याची झेरॉक्स फलकावर लागली आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. त्या आठवड्यात कुणी वर्गात येणार नाही, समिती आली तर चार वकिलांना फोन करून बसवता येईल, असा माझा साधा हिशेब होता. बाकीच्या चौदा आठवड्यांत तरी कोण येत होतं? फलकावरचा कागद तो कागद.

पण त्या कागदाला खरं मानणारं एक माणूस वर्गात होतं, हे आम्ही दोघंही विसरलो. रोशनी पावरा. शिरपूरच्या वर, पायथ्याला एका पाड्यावरची. पहिल्या वर्षाला होती, मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची, आणि वर्गाला रोज येणारी एकटीच. बोलणं कमी. एलएल.एम.चा वर्ग म्हणजे आमच्या ग्रंथालयाचाच मागचा भाग, मध्ये पुस्तकांच्या कपाटांची भिंत. त्यामुळे तिथलं सगळं मला ऐकू येतं. कित्येक दिवस मी ऐकलंय, चुडामण एकट्या रोशनीला पूर्ण तास शिकवतोय, प्रश्न विचारतोय, फळ्यावर लिहितोय, फळा पुसतोय. आणि ती पोरगी दर सोमवारी फलकापुढे उभी राहून त्या आठवड्याचं नियोजन वहीत उतरवून घ्यायची. चुडामणनं ते कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि मनात हसले होते.

समितीनं तारीख कळवली ती नेमकी होळीचीच, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे येणाऱ्यांनाही सोयीचं. शनिवारीच वसतिगृह रिकामं झालं, पायथ्याकडच्या सगळ्या पोरी भोंगऱ्याला गेल्या. सोमवारी सकाळी बघते तर रोशनी आपल्या खिडकीजवळच्या खुर्चीत. मी विचारलं, गेली नाहीस? तिनं वही काढून दाखवली. नियोजनात तास आहेत. जानेवारीत मलेरियानं तिचे पंधरा दिवस गेले होते, त्यामुळे हजेरी काठावर होती. हा आठवडा बुडाला तर पंच्याहत्तरच्या खाली जात होती. तिनं दोनदा मोजलं होतं.

मग पुस्तक चाळता चाळता, मी न विचारता, तिनं बाकीचं सांगितलं. तिचा बाप भुरा. रोशनी बारावीनंतर शिकायला बाहेर पडली आणि दोन वर्षांत आजारपणानं परत आली, तेव्हा त्यानं होळीला नवस बोललेला: पोरगी शिकून वकील झाली तर पाच वर्षं होळीचं व्रत अंगावर घेईन. त्यांच्याकडे नवसाची माणसं होळीआधी कितीतरी दिवस जमिनीवर निजतात, स्वतःचं स्वतः रांधून खातात, घरात जात नाहीत. होळीला अंगाला राख फासून, कमरेला घुंगरू बांधून, डोक्याला मोरपिसांचा टोप घालून नाचतात. ती वकील झाली, भुरानं चार वर्षं नवस फेडला. यंदाचं पाचवं, शेवटचं. शेवटच्या वर्षी जिच्यासाठी नवस बोलला ती समोर असावी लागते. आई गुंताबाईचा दोनदा फोन येऊन गेला होता. रोशनीनं सांगितलं होतं, सरांनी तास ठेवलेत.

हे सगळं मी ऐकलं. आणि तरी मी गप्प बसले. मला एका वाक्यात सांगता आलं असतं, पोरी, तो आठवडा खोटा आहे, जा घरी. पण गुरुवारी समिती येणार होती. चार वकील फोनवर 'हो, हो' म्हणतात आणि ऐनवेळी कोर्टात अडकतात, हे मला माहीत होतं. वर्गात बसेल अशी खात्रीची एकच होती. मी चुडामणच्या नोकरीकडे पाहिलं आणि त्या पोरीच्या बापाकडे पाठ फिरवली. मंगळवारी नाही बोलले, बुधवारी नाही बोलले. चुडामणलाही सांगितलं नाही. सांगितलं तर हा शहाणा काय करेल ते मी ओळखून होते.

गुरुवारी साडेअकराला समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष वयस्कर, मऊ बोलणारे; वागायला वाईट कुणीच नव्हतं. त्यांनी कागद पाहिले, पंधरा आठवडे मोजले, खूण केली, आणि म्हणाले वर्ग पाहू. वर्गात तीन वकील कोट घालून घामाघूम बसले होते आणि पुढच्या बाकावर रोशनी. मी कपाटामागे उभी. हातात पुस्तक धरलं होतं, तेही उलटं.

अध्यक्षांनी एका वकिलाला विचारलं, सध्या काय चाललंय? तो म्हणाला, संविधान. तास संशोधन पद्धतीचा होता. मग त्यांनी रोशनीला विचारलं, ग्रंथालयात बसून केलेला कायद्याचा अभ्यास आणि बाहेर जाऊन केलेला, यांत फरक काय? ती उठून उभी राहिली आणि तिनं आपल्या पाड्यावरच्या वनहक्काच्या दाव्यांचं उदाहरण दिलं. कायद्यात काय लिहिलंय, आणि दावा फेटाळल्याचा कागद घरात गाडग्याखाली ठेवून माणूस जमीन कसतो तेव्हा कायद्याचं काय होतं, तो कागद नुसता बघायला मिळावा म्हणून तिला त्या घरी किती वेळा जावं लागलं, सगळं. हळू बोलली, पण अडखळली नाही. अध्यक्ष खूश झाले. मी देवाला न मानणारी बाई, पण कपाटामागे मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, झालं, चुडामण, तुझं काम झालं.

अध्यक्षांनी तिला गाव विचारलं. मग म्हणाले, तुमच्याकडे तर होळी फार मोठी, आज होळी, आणि तू इथं?

"नियोजनात तास आहेत ना सर," रोशनी म्हणाली.

अध्यक्ष बाकीच्यांकडे वळले आणि कौतुकानं म्हणाले, पाहा, याला शिस्त म्हणतात. प्राचार्य हसले. वकीलही हसले. चुडामण फळ्याजवळ खडू घेऊन उभा होता. तो हसला नाही. रोशनीच्या बाकावर तिची वही उघडी होती, आणि त्यात त्याच्या नियोजनाचे रकाने तिनं पट्टीनं रेघा मारून उतरवले होते. त्यानं ते पाहिलं. मी तिथून त्याचं तोंड बघत होते, आणि मला कळलं की आता हा माणूस सगळं घालवणार. ओरडून सांगावंसं वाटलं, गप बैस रे बाबा, पाच मिनिटं गप बैस.

"सर, हा आठवडा शिकवायचा नाही," चुडामण म्हणाला. "दर वर्षी मोकळा असतो. यंदा पंधरा भरावेत म्हणून मी व्हाइटनर लावून भरलाय." मग रोशनीकडे वळून म्हणाला, "तू नीघ. या आठवड्याचे तास हजेरीत धरायचे नाहीत. नीघ, साडेबाराची गाडी मिळेल."

रोशनीला काही कळेना. ती एकदा त्याच्याकडे, एकदा प्राचार्यांकडे बघत राहिली. मग चुडामणनं परत हात केला तेव्हा वही पिशवीत घालून निघाली. दारातून धावतच गेली.

अध्यक्षांनी हातातली फाइल मिटली. मग अगदी शांतपणे म्हणाले, महाजन सर, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला समजतंय ना?

"समजतंय सर," चुडामण म्हणाला. "अठरा वर्षं नियोजन करतोय. ते कुणीतरी पाळलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

समिती जेवायला थांबली नाही. प्राचार्य आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. वकील कोट काढून खांद्यावर टाकत पसार झाले. चुडामण माझ्या टेबलापाशी येऊन बसला आणि त्यानं डबा उघडला. मेथीची भाजी आणि भाकरी. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. उषानं अजून किती वर्षं एकटीनं ओढायचं? तुझी पोरगी कॉलेजात गेली, तिला काय सांगशील? हरिश्चंद्राचा अवतार व्हायला तुला आजचाच मुहूर्त सापडला? तो जेवत होता. मी म्हटलं, जेवण जातंय कसं रे तुला? तो म्हणाला, सकाळी पारोळ्याला वडासुद्धा खाल्ला नव्हता अक्का, भूक लागली. आणि घास तोंडात असताना त्याचे डोळे भरले, मग मीच बोलायची थांबले.

मग मी त्याला माझं सांगून टाकलं. नवसाचं मला सोमवारपासून माहीत होतं, आणि मी मुद्दाम तोंड शिवून बसले होते. तो चिडेल असं वाटलं. त्यानं हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाला, तुम्ही सांगितलं असतं तर मी तिला सोमवारीच पाठवलं असतं. समितीला नुसते ते तीन वकील दिसले असते. पद तसंही गेलंच असतं. 'फक्त पोरगी वेळेवर पोचली असती,' असं म्हणून त्यानं डबा बंद केला. ते मला लागायचं तिथं लागलं.

बारा दिवसांनी पत्र आलं. कार्यभार अपुरा, पद मंजूर करता येत नाही, सध्याची व्यवस्था चालू ठेवावी. सध्याची व्यवस्था म्हणजे चुडामण. प्राचार्य त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले. कायमवाल्यांपैकी एकजण मला म्हणाला, तत्त्व बित्त्व ठीक आहे हो, पण व्यवहार नको का? त्यानं त्या सत्रात आपल्या वाट्याचे किती तास घेतले ते मला ठाऊक होतं. मी त्याच्या तोंडावर पुस्तक बंद केलं. पण खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

रोशनी पुढच्या बुधवारी परत आली होती. पत्र यायच्या आधीच. चुडामण आणि मी टेबलाशी बसलो होतो, तो उरलेले सराव-पाठ कुठे बसवायचे ते बघत होता. ती समोर येऊन उभी राहिली आणि पिशवीतून डाळ्या, गूळ आणि साखरेच्या गाठीसारखं कंगण काढून ठेवलं. चुडामणनं विचारलं, पोचलीस का वेळेवर?

नव्हती पोचली. शिरपूरला दुपारी उतरली, पण होळीच्या दिवशी वर जाणारी एकही जीप मिळेना. ड्रायव्हरच आपापल्या गावी गेलेले. ओळखीच्या एका घरी राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर भाजीचा टेम्पो मिळाला, पुढे चालत गेली. पोचली तेव्हा होळी विझली होती, माणसं घरोघर निजली होती. भुरा एकटा राखेजवळ बसलेला, टोप डोक्यावर, घुंगरू कमरेला. जाणत्यांनी रात्रभर समजावलं होतं, वेळ टळली, आता उतरव. तो म्हणत होता, पोरगी येतेय, तिचे तास होते. ती दिसली तसा उठला, तिच्यासमोर एकटाच पाच फेरे नाचला, वाजवायलाही कुणी नव्हतं, आणि मग घुंगरू सोडले. रोशनी हे सांगताना हसत होती आणि ओढणीनं नाक पुसत होती.

चुडामण म्हणाला, चला, फिटला ना नवस, सुटला तुझा बाप.

"नाही सर," रोशनी म्हणाली. "वर्गात काय झालं ते मी सांगितलं त्यांना, आणि तुम्ही अजून तासांवरच आहात तेही. बाबांनी तिथंच परत नवस बोलला. पाच वर्षं. तुमची नोकरी पक्की होऊ दे म्हणून."

मी चुडामणकडे पाहिलं. पाच वर्षांनी हा बावन्न वर्षांचा होईल. पाच वर्षं तो म्हातारा, ज्यानं याला कधी पाहिलेलं नाही, याच्यासाठी जमिनीवर निजणार, हातानं रांधून खाणार. मला वाटलं हा आता रडेल, नाहीतर नको म्हणेल, नाहीतर मोठं काहीतरी बोलेल. त्यानं तसलं काही केलं नाही. कंगणाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, समोरचा सराव-पाठांचा कागद बाजूला सरकवला, कोरा घेतला, आणि पट्टी शोधायला लागला.

"अक्का," तो म्हणाला, "शेवटच्या वर्षी मले समोर उभं राहणं पडी. पुढली होळी कधी शे, बघा बरं."